नालाकृती म्हणजे नाल्यासारखे नव्हे

नववीच्या वर्गात नदीचे कार्य शिकवून झाल्यावर मी एक छोटी चाचणी घेतली होती. तीत ‘नालाकृती सरोवर म्हणजे काय?’ हा दोन गुणांचा प्रश्न होता. चाळीस मुलांपैकी बहुतेकांनी पुस्तकातली दोन वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी उतरवली होती, काहींनी प्रश्न सोडून दिला होता, आणि एका मुलाने लिहिले होते, ‘नाल्याच्या आकाराचे, म्हणजे लांबट आणि अरुंद सरोवर.’ मी त्यावर लाल फुली मारली, शून्य दिले आणि पुढचा कागद घेतला. गठ्ठा संपत आला तेव्हा मात्र ती फुली सलू लागली. ज्यांना मी पूर्ण गुण दिले त्यांनी त्या शब्दाकडे पाहिलेही नव्हते. या मुलाने निदान त्याची फोड केली होती, त्यातला ओळखीचा तुकडा शोधला होता आणि त्यावरून अर्थ लावून पाहिला होता. तुकडा चुकीचा निघाला, एवढेच. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला विचारले, “नाल म्हणजे काय?” दोन गुण मिळवलेल्यांसह सारा वर्ग गप्प राहिला. बैलांच्या खुरांना पत्री मारतात हे आठ-दहा जणांना ठाऊक होते, पण नदीच्या तुटलेल्या वळणात साचलेल्या त्या सरोवराला जिच्या आकारावरून नाव पडले, ती घोड्याची नाल कुणी कधी हातात घेतलेली नव्हती. नाला मात्र त्यांतले निम्मे रोज शाळेला येताना ओलांडत होते.

शालेय भूगोलाच्या परिभाषेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेल्या बाजू समोरासमोर येतात. एक म्हणते की हे संस्कृताळलेले शब्द मुलांच्या डोक्यावरून जातात, पुढे कुठे उपयोगीही पडत नाहीत, तेव्हा सरळ इंग्रजी शब्द द्या आणि मोकळे व्हा. दुसरी म्हणते की ही परिभाषा मराठीने कष्टाने मिळवलेली आहे आणि ती सोडणे म्हणजे ज्ञानभाषा होण्याचा हट्टच सोडणे. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ ऐकले आहे, आणि दोन्हींची एकच गोष्ट मला पटत नाही. दोघेही शब्दाच्या अंगावरचे कपडे पाहून भांडतात. ‘नालाकृती’ऐवजी ‘ऑक्स-बो लेक’ हा इंग्रजी शब्द दिला असता तर माझ्या वर्गातल्या त्या मुलाला तो बैलाच्या जोखडाशी जोडावा लागला असता, आणि नदीच्या वळणाशी जोखडाचा काय संबंध हे त्याला तितकेच कोडे राहिले असते. अडचण शब्द संस्कृत असण्यात नाही. वस्तू दिसण्याच्या आधी शब्द हाती पडतो, आणि त्या वस्तूसाठी मुलाच्या तोंडी आधीपासून असलेला शब्द वर्गाच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवावा लागतो, ही खरी अडचण आहे.

परिभाषा घडवणाऱ्यांचे काम हलके लेखावे, असे मला मुळीच वाटत नाही. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. त्यानंतरच्या काळात विषयवार परिभाषा कोश निघाले, १९६७ मध्ये बालभारती सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांना वाररेषा, सममूल्य रेषा, लोकसंख्येची घनता, पर्जन्यछायेचा प्रदेश या कल्पना स्वतःच्या भाषेत वाचायला मिळाल्या. ‘पर्जन्यछाया’ हा शब्द तर मला आजही सुंदर वाटतो. डोंगराची सावली जशी एका बाजूला पडते, तसा पावसाचा अभावही एका बाजूला पडतो, हे त्यात एका दमात सांगितले आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरही नसलेल्या वाईत तो हजारच्या आत येतो, आणि आणखी पूर्वेला माणदेशात पाचशेच्या आसपास उरतो. हा सगळा प्रवास त्या एका शब्दात मावतो. असे शब्द टाकून द्यायचे आणि त्यांच्या जागी परके आणायचे, यात कसलाही फायदा नाही.

पण याच परिभाषेत एक दुसराही प्रवाह आहे आणि त्याची दखल आपण फारशी घेत नाही. भरती-ओहोटीचा धडा काढून पाहावा. अमावास्येला आणि पौर्णिमेला येते ती उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची. हे दोन्ही शब्द कोणत्या समितीने बसून बनवलेले नाहीत. ते किनाऱ्यावरच्या माणसांचे आहेत, होडी कधी काढायची आणि जाळे कुठे लावायचे हे ठरवण्यासाठी ते रोज वापरले जातात. समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यासाठीचा ‘पुळण’ही तसाच. नदीच्या खडकाळ पात्रात गोटे गरगर फिरून जे खोल खड्डे कोरतात त्यांना आपण ‘रांजणखळगे’ म्हणतो, आणि पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रात ते पाहिलेल्या कुणालाही त्या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. ‘पाणलोट’, ‘खोरे’, ‘घळई’ हेही असेच घरचे शब्द. म्हणजे शब्द घडवणारे जिथे जमिनीवर आणि किनाऱ्यावर कान देऊन उभे राहिले, तिथे त्यांना आयते, नेमके आणि टिकाऊ शब्द मिळाले. हे ऐकणे पुढे चालू राहायला हवे होते, आणि ते थांबले, अशी माझी तक्रार आहे.

याला एक अपवाद मान्य केला पाहिजे, आणि तो बराच मोठा आहे. हिमगव्हर, हिमोढ, ड्रमलिन ही हिमनदीची आणि बारखण हे वाळवंटातले भूरूप, या गोष्टी महाराष्ट्रात नाहीतच, तेव्हा त्यांच्यासाठी शेतकऱ्याच्या तोंडी शब्द शोधत बसणे वेडेपणाचे ठरेल. तिथे नवा शब्द घडवावा किंवा ‘बारखण’सारखा परका शब्द आहे तसा घ्यावा, दोन्ही चालते. नालाकृती सरोवरही खरे तर याच जातीचे. गंगेच्या, ब्रह्मपुत्रेच्या सपाट गाळाच्या मैदानात नदी मोकळेपणाने वळणे घेते, वळण फार झाले की एखाद्या पुरात मान तोडून सरळ निघून जाते, आणि मागे उरलेल्या तुकड्यात पाणी साचते. बिहारमधील बेगुसरायचे काबरताल बुढी गंडकीच्या अशाच सोडलेल्या पात्रात आहे. बंगालमध्ये अशा तुटलेल्या वळणाला ‘बाओड’ हा स्वतंत्र शब्द आहे, कारण तिथे ते गावोगावी आहे. आपल्या पठारावरच्या नद्या बहुतांशी बेसाल्टच्या खडकात पात्र कोरून बसलेल्या. वरचा गाळाचा थर कापला तरी खाली दगड लागतो, मग वळण सोडून जायचे म्हटले तरी त्या जाणार कुठे? म्हणून मराठीत त्या सरोवराला शब्द नाही. माझ्या मते हा धडा शिकवण्याची खरी सुरुवात इथून व्हायला हवी. आपल्या भाषेत हा शब्द का नाही, या एका प्रश्नात खडक, उतार, गाळ आणि नदीचे वय असे सगळे प्रकरण येते. व्याख्या त्यानंतर आली तर तिला बसायला जागा असते.

जिथे शब्द आहेत तिथली गोष्ट मात्र वेगळी आहे. बाह्य प्रक्रियांच्या धड्यात ‘विदारण’, म्हणजे खडक जागच्या जागी फुटणे आणि कुजणे, येते. कायिक, रासायनिक आणि जैविक हे प्रकार येतात, ‘अपपर्णन’ येते, आणि परीक्षेतल्या उत्तरांत उदाहरणे बहुधा वाळवंटांची नाहीतर बर्फाळ प्रदेशांची असतात. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेमागच्या रानात विहिरीचे काम चालू होते. यारी लावलेली, सुरुंगांची पाळी संध्याकाळची, त्यामुळे दुपारी मुलांना काठापर्यंत नेणे शक्य होते. मालकाची परवानगी घेऊन मी नववीची एक तुकडी घेऊन गेलो. काम पाहणारे मुकादम साठीच्या पुढचे होते आणि शाळा त्यांनी चौथीत सोडलेली होती. त्यांनी काठावर उभे राहून हातातल्या काठीने वरून खाली असे बोट दाखवल्यासारखे करत सांगितले, “ही काळी, तीन हात. खाली मुरूम. त्याच्या खाली मांजऱ्या लागलाय, पाणी लागलं तर ह्यात लागंल. आन् बुडाला काळा पाषाण, त्यात चिरेतनं आलं तर आलं, न्हाईतर न्हाई.”

चार वाक्यांत त्यांनी अख्खा धडा सांगितला होता. तळाशी साबूत बेसाल्ट. त्याच्या वर मांजऱ्या, म्हणजे लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्यांनी भरलेला थर. त्याच्या वर विदारण पुढे जाऊन भुसभुशीत झालेला मुरूम, आणि सर्वांत वर त्याच खडकाची माती. मुरमाच्या थरात मध्येच काही गोल धोंडे अडकलेले दिसत होते आणि त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत होते. एका मुलीने त्यातला एक पापुद्रा बोटाने काढून पाहिला. मी तिला सांगितले की आता तू जे केलेस त्याला पुस्तकात अपपर्णन म्हणतात. त्या वर्षी तो शब्द पाठ करायला कुणाला सांगावे लागले नाही. महाराष्ट्रातल्या किती रस्त्यांवर मुरूम टाकलेला असतो, किती मुले तो तुडवत शाळेत येतात, आणि तरीही मुरूम म्हणजेच विदारण झालेला खडक, हे वाक्य त्यांच्या कानावर पडत नाही. ‘मुरूम’ हा शब्द भूगोलाच्या तासाला उच्चारण्याच्या लायकीचा आपण मानलाच नाही.

पावसाचेही तेच. आरोह पर्जन्य कुठे पडतो, या प्रश्नाला माझे विद्यार्थी न चुकता ‘विषुववृत्तीय प्रदेशात, उदा., काँगो व ॲमेझॉन नदीखोरे’ असे लिहितात आणि गुण घेतात. उत्तर बरोबरच आहे. पण एप्रिलच्या अखेरीस सकाळपासून अंग भाजते आहे, दुपारी तीनच्या पुढे पश्चिमेला ढग उभेच्या उभे चढत जातात, वारा अचानक फिरतो, धुळीचा लोट उठतो, दोन-चार टपोऱ्या गारा पडतात आणि तासाभरात सगळे संपून मातीचा वास सुटतो, हा वळीव ही त्याच प्रक्रियेची आपल्या अंगणातली आवृत्ती आहे. तापलेली जमीन, वर चढणारी दमट हवा, उंचावर होणारे सांद्रीभवन, हे सगळे तिथे हजर असते. घरच्या म्हाताऱ्यांना सकाळच्या उकाड्यावरून वळवाचा अंदाज येतो, आणि नातवाला काँगोचा आरोह पर्जन्य येतो. दोघे एकाच ओसरीवर बसलेले असून एकमेकांना सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही नसते. ही तुटातूट शिक्षणाने घडवलेली आहे, आणि ती मोडायला एक वाक्य पुरते: वळीव हा मुख्यतः आरोह प्रकारचा पाऊस आहे.

मानवी भूगोलाचे धडे यातून सुटलेले नाहीत. ‘हंगामी स्थलांतर’ ही संज्ञा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वर्गात शिकवली जाते तेव्हा त्या वर्गातल्या काही मुलांचे आईवडील कारखान्याच्या फडावर असतात. मुकादमाकडून उचल घेऊन गेलेले, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजले जाणारे. उचल, टोळी, कोयता या शब्दांत स्थलांतराची कारणे, त्याचा व्यवहार आणि त्यातले कर्ज असे सगळे आहे, आणि मूल ते सगळे जाणते. पण उत्तरपत्रिकेत ते ‘रोजगाराच्या शोधात लोक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात’ असे लिहिते, जणू ते दुसऱ्याच कुणाबद्दल आहे. विखुरलेली वस्ती आणि केंद्रित वस्ती यांतला फरक लिहितानाही वाडी, पाडा, तांडा, मळा हे शब्द कुठे येत नाहीत.

एवढे म्हटल्यावर दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होतो आणि तो आवरला पाहिजे. गावचा प्रत्येक शब्द म्हणजे शहाणपणाचा ठेवा, असे मानण्यात भाबडेपणा आहे. लोकांचे शब्द त्यांच्या कामापुरते नेमके असतात, कामाबाहेर ते सैल होतात. ‘घाट’च घ्या. मराठी माणसाला घाट म्हणजे चढउताराची वाट. नाणेघाट, बोरघाट, आंबा घाट. पुढे सगळ्या डोंगररांगेचेच नाव ‘पश्चिम घाट’ पडले, आणि आता सह्याद्रीत राहणारी मुलेही वाटेला डोंगर समजून चालतात. ‘खाजण’ची कथा याहून गुंतागुंतीची. शालेय भूगोलात वाळूच्या दांड्यामागे अडकलेल्या उथळ खाऱ्या पाण्याला खाजण म्हटले जाते. कोकणात आणि गोव्यात मात्र खाजण म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीपासून राखलेली जमीन, जिथे दारे उघडझाप करून पाणी आत-बाहेर सोडतात, भात घेतात आणि मासळीही धरतात. चिल्का हे पुस्तकी अर्थाने खाजण. रत्नागिरीच्या मुलाच्या आजोबांची खाडीकाठची शेती हे बोलीतले खाजण. शब्द लोकांकडून घेतला, अर्थ बदलला आणि बदलल्याचे सांगितले नाही, की मूल दोन्हीकडून फसते. इथे शिक्षकाने दोन अर्थ शेजारी मांडायलाच हवेत, आणि त्यासाठी ते आधी शिक्षकाला ठाऊक हवेत.

‘दरड’ या शब्दाने तर जीवघेणी गफलत होऊ शकते, असे मला वाटत आले आहे. दरड कोसळली म्हणताच डोळ्यांपुढे घाटातला एखादा सुटलेला कडा येतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर आला तो एखादा कडा नव्हता. संततधार पावसाने आतून जड झालेली माती, मुरूम आणि दगड यांची अख्खी उतरण एकदम सरकली आणि दीडशेहून अधिक माणसे तिच्याखाली गेली. २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये, २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. अशा घटनांसाठी ‘भूस्खलन’ हा पुस्तकी शब्दच योग्य आहे, कारण तो कड्याकडे न पाहता उताराकडे, मातीच्या जाडीकडे आणि तिच्यात मुरलेल्या पाण्याकडे पाहायला लावतो. ‘आमच्याकडे कडा नाही, दरड कशी पडेल?’ असे म्हणणाऱ्या डोंगरउतारावरच्या वस्तीला हा फरक समजणे अत्यावश्यक आहे. परिभाषेची गरज पटवायला याहून मोठे उदाहरण नको. मात्र फरक समजायचा तर दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले पाहिजेत. नुसते ‘भूस्खलन’ शिकवले तर ते मूल परीक्षेनंतर विसरेल आणि घरी जाऊन पुन्हा ‘दरड’च म्हणेल.

यातला सार्वजनिक प्रश्न इथे स्पष्ट होतो. भूगोलाचे शब्द आता सरकारी कागदांत, न्यायालयांत आणि घरखरेदीच्या व्यवहारांत येऊन बसले आहेत. नदीकाठच्या शहरांच्या नकाशांवर जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथपर्यंत पोचेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणारा जिथपर्यंत पोचेल ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मध्ये निर्बंध असतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, त्यानंतर या रेषांवरून तिथे मोठा वाद पेटला. पूररेषेच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणाऱ्या कुणाचीही बाजू मी इथे घेत नाही. रेषांच्या आखणीवर प्रामाणिक आक्षेप असू शकतात. पण ‘पूरमैदान’ची व्याख्या नववीत लिहून पुढे गेलेला माणूस त्याच पूरमैदानात घर घेताना तो शब्द आठवत नाही, हे मी जवळच्या माणसांत पाहिले आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘आता शंभर वर्षे निर्धास्त’ असा लावणारे पदवीधरही भेटतात. दरवर्षी शंभरात एक इतकी शक्यता, असा त्याचा अर्थ आहे, आणि लागोपाठच्या दोन वर्षीही तसा पूर येऊ शकतो.

उलट कोल्हापुरात पाहा. पावसाळ्यात तिथला रिक्षावालासुद्धा राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे ते सांगतो. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी हे त्याला पाठ आहे. कारण तो आकडा त्याच्या गल्लीशी जोडलेला आहे. तसेच पाणलोटाच्या कामांचे. डोंगरउतारावर समतल चर खणायचे तर सारख्या उंचीची रेषा जमिनीवर आखावी लागते. ए आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा घेऊन, नाहीतर पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन, गावोगावच्या बायका-पुरुषांनी ती आखली आहे. ‘सीसीटी’ (सलग समतल चर) हा शब्द कित्येक दुष्काळी गावांत ग्रामसभेत सहज बोलला जातो. भूगोलात हीच रेषा ‘समोच्च रेषा’ म्हणून येते आणि मुलांना ती नकाशावरच्या वेटोळ्यांपलीकडे दिसत नाही. एकदा चराच्या कडेने चालून आलेल्या मुलांना मी नकाशा दाखवला तेव्हा एकाने विचारले, “सर, म्हणजे ह्या रेषेवरनं चाललं तर दम लागणार नाही?” समोच्च रेषेची इतकी चांगली व्याख्या मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही.

मग हे सगळे अडते कुठे? माझ्या अनुभवाने, परीक्षेपाशी. दहावीला भूगोलाचा लेखी पेपर ४० गुणांचा, आणि त्यातले पुष्कळसे गुण गाळलेल्या जागा, जोड्या, ठरावीक ‘भौगोलिक कारणे’ आणि ठरावीक ‘फरक स्पष्ट करा’ यांवर मिळतात. मार्गदर्शक पुस्तकांतली उत्तरे छापील असतात आणि तपासणाऱ्यालाही तीच हवी असतात. मीही वर्षानुवर्षे तपासणारा आहे, तेव्हा हा दोष माझ्याही पदरात आहे. २३ मार्च २०२० ला दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा होता, तो साथीमुळे रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. दुसरा मार्ग नव्हता, हे खरे. तरीही विद्यार्थ्यांना आनंद झाला, पालकांना हायसे वाटले आणि सरासरीने दिलेल्या गुणांत कुणाला फारसे वावगे वाटले नाही, हे मला तेव्हापासून खटकत राहिले आहे. त्याच दहावीच्या पुस्तकाचा पहिला धडा ‘क्षेत्रभेट’ आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी तो मुद्दाम पहिला ठेवला असणार, आणि बहुसंख्य शाळांत तो बाकावर बसून पूर्ण होतो, क्षेत्रभेटीची प्रश्नावलीसुद्धा फळ्यावरून उतरवून घेतली जाते.

आता ही चर्चा करण्याला एक तातडीचे कारणही आहे. सेमी इंग्रजीच्या लाटेत विज्ञान आणि गणित इंग्रजीत गेले. मराठी शाळांत उरलेल्या विषयांपैकी शास्त्रीय परिभाषा मराठीत शिकवणारा भूगोल हा जवळजवळ शेवटचा विषय आहे. राज्याच्या शाळांत केंद्रीय मंडळाच्या धर्तीवर अभ्यासक्रम आणण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली, म्हणजे पुस्तके पुन्हा लिहिली जाणार. देशभरासाठी रचलेला मजकूर मराठीत उतरवायचा ठरला, तर गंगेच्या मैदानासाठी लिहिलेली वाक्ये आणि त्यांतल्या हिंदी संज्ञा तशाच येण्याचा धोका आहे. आपल्याकडचे ‘विदारण’ हिंदीत ‘अपक्षय’ असते. एका पिढीच्या तोंडी बसलेला शब्द दुसऱ्या पिढीत बदलला, तर शिक्षक आणि पालक दोघेही तोंडघशी पडतात. पुस्तकांच्या शेवटी संज्ञांचे अर्थ देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. त्या यादीत प्रत्येक संज्ञेपुढे, जिथे शक्य आहे तिथे, लोकांचा शब्द आणि महाराष्ट्रातले एक ठिकाण द्यावे, एवढी माझी मागणी आहे. आणि पेपरात निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर दोन जिल्ह्यांत वेगवेगळे येईल.

यावर आक्षेप येतो की लोकांचा शब्द म्हणजे नेमका कुठला? जळगावचा की सावंतवाडीचा? नंदुरबारच्या पाड्यावरच्या मुलाच्या घरी तर मराठीही बोलली जात नाही. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच ही यादी पुण्यात बसून पूर्ण करू नये. छापील पुस्तकात दोन-चार शब्द पुरेत. उरलेली जागा रिकामी सोडावी आणि ती शाळेने भरावी. भिली, पावरी, कोकणी, झाडी, जो शब्द घरात असेल तो. तपासणाऱ्याला एकसारखे उत्तर मिळणार नाही, ही गैरसोय आहे खरी. ती शिक्षकाने सोसावी, कारण आजवर सगळी गैरसोय विद्यार्थीच सोसत आला आहे.

मंडळाची वाट न पाहता यंदा अंतर्गत मूल्यमापनासाठी मी नववीला एक काम दिले. घरच्या किंवा गावच्या माणसाला विचारून माती, पाणी, पाऊस, दगड यांविषयीचे दहा शब्द आणायचे. कुणी सांगितला, कुठे उभे राहून सांगितला आणि पुस्तकातली कोणती संज्ञा त्याच्या जवळची वाटते, हेही लिहायचे. निम्म्या मुलांनी एकमेकांचे उतरवले, ते अपेक्षितच होते. कालव्याच्या पाण्यावर उसाचे रान असलेल्या घरातल्या एका मुलीच्या कागदावर चौथा शब्द होता ‘चोपण’. समोर लिहिले होते: ‘पाऊस पडला की पाय निघत नाही, वाळली की कुदळ लागत नाही. आजोबा म्हणतात, आधी अशी नव्हती, पाणी जास्त देऊन झाली. ओढ्याकडचं दीड एकर सोडून दिलंय.’ संज्ञेच्या रकान्यात तिने पेनाने काही लिहिले नव्हते. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ‘क्षारयुक्त मृदा’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते.